डेल्मरच्या बदल्यात आलेला खेळाडू

नॉर्थ पार्कलँड ज्युनियर हॉकी लीगला पन्नास वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहायचं काम वॉल्टर प्रिस्टुपाच्या गळ्यात पडलं. ज्यांना सगळं आठवत होतं ते वारले होते, आणि जे हयात होते त्यांना जे आठवत होतं ते छापण्यासारखं नव्हतं. वॉल्टर हयात होता, वॉलकॉटच्या संघाचा एकतीस वर्षं चिटणीस होता, आणि त्याचं अक्षर चांगलं होतं. तीन गुण एका माणसात सापडल्यावर गाव त्याला सोडत नाही.

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने एकशेबारा पानं लिहिली, आणि खरी लिहिली. एकोणऐंशी साली संघाची बस रस्त्यात बंद पडली, तेव्हा पोरं मागून आलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्याच बसमधून सामन्याला गेली, त्यांनाच सात-एकने हरवलं आणि मग परतीच्या बसमध्ये त्यांना कुणी घेईना, हेही त्याने लिहिलं. खोटं फक्त एका पानावर होतं. पान एकेचाळीस.

‘जानेवारी १९८७. डेल्मर पेनरच्या बदल्यात हॅझल रिजकडून बचावपटू ग्रँट लोवेल संघात आला.’

ग्रँट लोवेल नावाचा माणूस जन्मालाच आला नव्हता.

झालं होतं असं, की त्या जानेवारीत वॉलकॉटच्या रिंकवरचा, म्हणजे हॉकीच्या मैदानावरचा, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी कायमची बसली. गाडीचा चालक बोहदान दोन आठवडे बर्फावर पाणी फिरवायला गरम पाण्याचं पिंप चाकांवर ठेवून हाताने ओढत होता. बर्फावर असे उंचवटे आले की चेंडूगत उडणारी खेळाची चकती एकदा थेट प्रेक्षकांतल्या पाद्र्याच्या कॉफीत पडली. लीगने कळवलं, पंधरा दिवसांत बर्फ सुधारा, नाहीतर संघ बंद. हॅझल रिजकडे जुनी गाडी धूळ खात पडली होती. ते म्हणाले, पैसे नकोत, पुढच्या फळीत गोल मारणारा पोरगा द्या.

लीगचा नियम होता, खेळाडूच्या बदल्यात खेळाडूच. फॉर्मवर गाडी लिहायला रकाना नव्हता. वॉल्टरने मग गाडीला नाव दिलं, जन्मतारीख दिली, उंची सहा फूट एक इंच दिली. वजन मात्र खरं लिहिता येईना.

हे इथवर निभावलं असतं. पण बाहेरगावची पोरं मोसमभर गावातल्या घरांतच राहतात, आणि एकोणीस वर्षांचा डेल्मर राहत होता वॉल्टरच्याच घरी. दोन हिवाळे त्याने त्यांच्या टेबलावर बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही खाल्ल्या होत्या आणि न सांगता दारातला बर्फ उपसला होता. वॉल्टरने त्याची बॅग भरून दिली.

“माझ्या बदल्यात कोण येतंय, मिस्टर पी?” दारात उभं राहून डेल्मरने विचारलं होतं.

“ग्रँट लोवेल. बचावपटू.”

“चांगला आहे?”

“दणकट आहे,” वॉल्टर म्हणाला. त्या घरात तो डेल्मरशी बोललेलं हे शेवटचं वाक्य, आणि तेवढं खरं होतं.

पुढे ग्रँटला जगवावं लागलं. यादीत नाव होतं, म्हणून वॉल्टरने त्याला कागदोपत्री अधूनमधून मैदानात उतरवलं, कधी एखादा पास त्याच्या नावे लावला. दंड मात्र कधी लावला नाही, न केलेल्या चुकीसाठी माणसाला शिक्षा करणं त्याला पटेना. मोसमाच्या शेवटी लीगभर एकही दंड न झालेला एकच खेळाडू निघाला आणि ‘सर्वांत सभ्य खेळाडू’चा चषक ग्रँट लोवेलला मिळाला. तो वॉल्टरने त्याच्या वतीने स्वीकारला. भाषणही केलं, थोडक्यात.

आणि एप्रिलमध्ये पत्र आलं. ‘प्रिय ग्रँट, माझा जर्सीवरचा नऊ नंबर आता तुझ्याकडे असेल. नीट वाग त्याच्याशी. मिस्टर पींच्या घरी खाली झोपत असशील तर उशाची खिडकी जराशी उचलून लाव, वारा येत नाही. डेल्मर.’

उत्तर न देणं म्हणजे ग्रँट उद्धट ठरला असता. वॉल्टरने उत्तर दिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. मग नाताळचं कार्ड आलं, त्याला कार्ड गेलं. पत्रांतून ग्रँट तेलाच्या कामावर लागला, मग गुडघा गेला, मग नुसत्या पोस्टाच्या पेटीच्या पत्त्यावर राहू लागला, आणि सदतीस वर्षांत वॉल्टरचा डावा हात चांगला लिहू लागला.

इतिहासाच्या समितीची अध्यक्ष शर्लीन बोडनार, पन्नाशीची, जिच्या हातात यादी असली की देवही दबकून असावा. ती म्हणाली, “डेल्मर पेनरला बोलावलंय. येतोय. ग्रँट लोवेलचा पत्ता सापडत नाही.”

“नाही सापडणार.”

“का?”

“लाजाळू आहे.”

“सभ्य माणसं अशीच,” शर्लीन म्हणाली आणि नावापुढे खूण केली.

डेल्मर आला तो बुटांचा खोका घेऊन. छप्पन्न वर्षांचा, पुढचे केस गेलेले, चालणं तेच, बर्फ नसतानाही घसरत आल्यासारखं.

“मिस्टर पी, म्हातारे झालात की.”

“तू कुठे मागे राहिलास?”

“माझ्या घरचे हसतात,” खोका थोपटत डेल्मर म्हणाला. “म्हणतात, न भेटलेल्या माणसाची कार्डं कोण ठेवतं. मी म्हणतो, अरे, तो माझ्या बदल्यात आला होता. ग्रँटसारख्यासाठी माझा सौदा झाला, म्हणून हॅझल रिजला मी चौदाच गोल केले तरी मला कमीपणा कधी वाटला नाही. आज येतोय ना तो?”

वॉल्टरने कॉफीचा घोट घेतला. कप रिकामा होता. तरी त्याने घोट घेतला.

दुपारी सामना होता, वॉलकॉट विरुद्ध हॅझल रिज. पहिला भाग संपला, खेळाडू आत गेले, आणि सगळं रिंक पायांनी फळ्या बडवू लागलं. “डेल-मर. डेल-मर. डेल-मर.”

हे वॉल्टर साफ विसरला होता. बोहदानला सगळं माहीत होतं, आणि बोहदानने पहिल्याच दिवशी गाडीला डेल्मर म्हणायला सुरुवात केली होती. बोहदान वारला, नाव राहिलं. गावातल्या शेंबड्या पोरांनाही वाटे, बर्फाच्या गाडीला डेल्मरच म्हणतात.

डेल्मर उभा राहिला. त्याने टोपी काढली. डोळे भरले होते. त्याने एका बाजूला हात हलवला, मग दुसऱ्या बाजूला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. पलीकडचं दार उघडलं आणि गाडी धूर सोडत, थकल्या म्हशीसारखी बर्फावर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अजून आठवण ठेवलीय यांनी,” डेल्मर खाली बसत म्हणाला.

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. माणूस आनंदात घरी गेला असता. पण गाडी समोरून गेली आणि तिच्या नाकावर पांढऱ्या रंगात ‘डेल्मर’ असं नाव होतं, चांगलं हातभर. डेल्मरने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे काय आहे, मिस्टर पी?”

“ग्रँट लोवेल,” वॉल्टर म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पिंप, फॉर्म, रकाना. मान वर न करता, स्वतःच्या बुटांना सांगितल्यासारखं. गाडीने तेवढ्यात अर्धं रिंक गुळगुळीत केलं.

डेल्मरने खोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “चषकपण?”

“तोपण. माझ्या तळघरात आहे.”

“गुडघ्याचं ऑपरेशन? मी फुलं पाठवली होती.”

“सुंदर होती.”

“माझी कॅरल वारली तेव्हा कार्डात पत्र आलं होतं.” डेल्मरचा आवाज खाली आला. “चार पानं. ग्रँटचीही बायको गेली होती, त्याच वर्षी.”

“ते खोटं नव्हतं,” वॉल्टर म्हणाला. “माझी गेली होती.”

“तुमची बायको गेली, आणि मला कुणी सांगितलं नाही. मी त्यांच्या हातचं दोन वर्षं खाल्लं. मी आलो असतो.”

खोक्याचं झाकण तिरकं झालं होतं, ते वॉल्टरने सरळ केलं.

“कधी बंद पडली का ती?” गाडीकडे बघत डेल्मरने विचारलं.

“एकदाही नाही.”

“मी हॅझल रिजला पुढच्याच मोसमात बसलो. खांदा.” त्याने टोपी घातली. “सौदा तुम्हाला लाभला म्हणायचा.”

तो उठला. काचेशी जाऊन गाडी आत जाईपर्यंत उभा राहिला, आणि मग परत न येता दाराबाहेर गेला. खोका बाकावर तसाच होता.

सामना संपल्यावर वॉल्टर शर्लीनकडे गेला. “पान एकेचाळीस बदलायचंय.”

“चारशे प्रती छापून आल्यात, वॉल्टर.”

“मग चारशे चिठ्ठ्या लिहीन. आत डकवू.”

“काय लिहिणार?”

त्याने सांगितलं. शर्लीनने आयुष्यात पहिल्यांदा यादी खाली ठेवली. “तुम्ही चषक घेताना भाषण केलं होतंत,” ती म्हणाली. “मी लहान होते. मी रडले होते.”

दुसऱ्या सकाळी तो खोका आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. पहिली चिठ्ठी डेल्मरच्या प्रतीत. ‘या पानावरचा खेळाडू अस्तित्वात नव्हता. डेल्मर पेनरला आम्ही एका गाडीच्या बदल्यात दिलं आणि त्याला खोटं सांगितलं. हे मी केलं.’ इतपत नीट उतरलं. पण सोबत दोन ओळींचं पत्र हवं होतं, आणि उजव्या हाताला डेल्मरशी कसं बोलायचं ते ठाऊकच नव्हतं. ‘प्रिय डेल्मर’च्या पुढे पेन सरकेना.

कॉफी गार झाली. शेवटी त्याने पेन डाव्या हातात घेतलं. त्या हाताने नेहमीसारखं आधी हवामान लिहिलं, मग बायको कोणत्या दिवशी गेली ते लिहिलं, आणि तिची कबर चर्चमागे कुठे आहे ते. खाली सही करताना सवयीने ‘ग्रँ’ उमटलं. ते त्याने खोडलं नाही. त्याच्यापुढे आपलं नाव लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.