वरच्या मजल्यावरची जमीन

मित्रांनो, मी एक जुनी जमीन आहे. माझ्यावर कधी गवत उगवलं नाही की कोणाची चप्पल चिखलात रुतली नाही, कारण मी संगणकात राहते. माझं सगळं अंग बारीक बारीक त्रिकोणांचं आहे. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकाला खऱ्या जमिनीवरच्या एकेका जागेची उंची ठाऊक आहे. आज मी रागात बोलणार आहे. लहानांसमोर रागावू नये म्हणतात, पण जे घडलं ते गोड आवाजात सांगणं मला जमणार नाही.

माझा जन्म एका दुमजली कचेरीत झाला. खालच्या मजल्यावर रस्ते आणि गटारांची कामं करणारा एक इंजिनिअर बसायचा. वरच्या मजल्यावर त्याची धाकटी बहीण इमारतींचे आराखडे काढायची. वडिलांनी उभा केलेला धंदा दोघं मिळून चालवत होते. ती त्याला दादा म्हणे. तो तिला छोटी म्हणे. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी छोटी, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा छोटी. ती हाक ऐकली की तिच्या कपाळावर आठी पडायची. ती आठी दादाला कधी दिसली नाही.

या दोघांना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या आत्याने. ज्यांना चालता येत नाही अशा माणसांकडून ती व्यायाम करून घ्यायची. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचं केंद्र होतं. पुढे तिला रस्त्याला लागून स्वतःची जागा मिळाली, पण ती होती उताराची. इमारत अर्थातच भाचरांनी बांधायची ठरली. आत्या म्हणाली, "मला शोभा नको. माझ्या माणसांना कोणी हात न लावता आत येता आलं पाहिजे, एवढंच बघा."

दादा स्वतः उन्हात जाऊन त्या जागेवर उभा राहिला. बांध, खड्डा, रस्त्याची कड, काही सोडलं नाही. काठी धरून त्याने एकेका ठिकाणची उंची घेतली आणि त्यातून मला घडवलं. मग मला संगणकावरच्या दोघांच्या सामाईक जागेत ठेवलं आणि वर निरोप दिला, जमीन तयार आहे. बहिणीने मला आपल्या आराखड्यात बोलावून घेतलं. तिचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचं वेगळं, पण मध्ये एक दुवा होता. त्याने खाली माझ्यात काही बदललं की वर तिच्या पडद्यावर खूण उमटायची. तिने ती दाबली की मीही बदलायचे. इतकी सोपी सोय होती, मित्रांनो. एवढ्या सोयीचीही या शहाण्या माणसांनी वाट लावली.

झालं असं, की मी पहिल्यांदा वर गेले ती थेट आभाळात जाऊन लटकले. दादा माझी उंची समुद्राच्या पातळीपासून मोजत होता. बहिणीच्या इमारतीचा तळमजला शून्यावर होता. त्यामुळे तिची इमारत कुठल्या कुठे खाली, आणि मी छपराच्याही वर. घोटाळा मोठा नव्हता. दोघांनी बसून एकच शून्य ठरवलं असतं तर काम झालं असतं. तिने खाली फोन केला. दादाच्या समोर गिऱ्हाईक बसलं होतं. तो म्हणाला, "सगळं लिहून ठेवलंय, वाच की जरा, छोटी." मागून ते गिऱ्हाईक हसलं. तिने फोन ठेवला.

पुन्हा तिने विचारलं नाही. जोडलेली असताना मी जागची हलत नव्हते, म्हणून तिने दुवाच तोडला. मग मला माऊसने धरून खाली ओढलं, इमारतीच्या तळाशी दिसायला नीट बसेपर्यंत. त्या दिवसापासून आम्ही दोघी झालो. एक खाली, दादाच्या हाताखाली बदलत राहणारी. दुसरी मी, वरच्या मजल्यावर, होते तशीच.

ती कामचुकार होती असं मात्र समजू नका. दारापर्यंत जाणारा रॅम्प तिने किती जीव लावून काढला, ते मी पाहिलं आहे. उतार अगदी हलका, मध्ये दम घ्यायला सपाट जागा, हाताला धरायला दोन उंचींवर कठडे. खुर्चीतल्या माणसाच्या हाताला किती जोर लागेल, याचाही तिने विचार केला होता. आणि हे सगळं तिने टेकवलं कशावर? माझ्यावर. आजच्या जमिनीची मला काही खबर नव्हती.

कारण खाली बरंच काही चाललं होतं. ते मला फार उशिरा, त्यांच्या भांडणातून कळलं. पावसाचं पाणी गटारात उतरेना, म्हणून दादाने आपल्या आराखड्यात पुढचा रस्ता गुडघाभर खाली घेतला होता. बदललेली जमीन त्याने इमानाने सामाईक जागेत ठेवली. दुवा तुटलेला, त्यामुळे वर खूण उमटली नाही. त्याला वाटलं, तिला मिळालं. तिला वाटलं, बदल काही नाही. मध्ये फक्त एक जिना होता. तो चढायला दादाला वेळ नव्हता, आणि उतरायला तिचा अभिमान आड येत होता. मला आजही दोघांची चीड येते.

इमारत उभी राहिली. रस्ता सगळ्यांत शेवटी झाला, उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा. तो खाली गेला आणि रॅम्पचं टोक अधांतरी राहिलं. ठेकेदाराने बहिणीला फोन केला. ती दुसऱ्या कामाच्या बैठकीत होती. थोडा फरक पडतोय, असं तो म्हणाला, आणि तिने पुरतं न ऐकता सांगितलं, "साइटवर जुळवून घ्या."

त्याने जुळवून घेतलं. रॅम्पच्या पायथ्याशी त्याने तीन पायऱ्या बांधल्या. फरशी तीच, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. काम अगदी सफाईदार होतं. चाकांच्या खुर्चीसाठी केलेल्या वाटेच्या तोंडाशी पायऱ्या! तिथे इतकी माणसं राबत होती, एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी बहिणीने मला टॅबलेटवर बरोबर नेलं होतं. आत्याला आराखडा दाखवायचा होता. सगळ्यांत आधी आले शिंपीकाका. आत्याकडे ते वर्षानुवर्षं येत होते. मनगटांत चांगला जोर होता आणि आपली खुर्ची ते दुसऱ्या कोणाला ढकलू देत नसत. पायऱ्यांपाशी येऊन ते थांबले. दोन मजूर लगबगीने पुढे झाले आणि खुर्चीला हात घालू लागले.

"राहू द्या," शिंपीकाका म्हणाले. "मी माणूस आहे, गाठोडं नाही."

त्यांनी खुर्ची वळवली आणि ते आले तसे निघून गेले. बाकीच्यांना उचलून वर नेलं. ते मान खाली घालून हसत होते, जसं अवघडलेली माणसं हसतात.

आत्या त्या पायऱ्यांपाशी आली. तिने विचारलं, हा रॅम्प कोणासाठी केलाय? दादा म्हणाला, मी जमीन बदलून पाठवली होती. बहीण म्हणाली, मला आलीच नाही. ठेकेदाराने टॅबलेटकडे बोट केलं आणि म्हणाला, ही जमीनच चुकीची आहे. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! मी चुकीची नव्हते. मला मोजलं त्या दिवशी मी कडेपासून कडेपर्यंत खरी होते. जग पुढे गेलं आणि मला कोणी सांगितलं नाही.

आत्या ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "एका जिन्याच्या दोन टोकांना बसता तुम्ही. आणि एकमेकांना निरोप पाठवता?"

कचेरीत परतल्यावर बहीण वर गेली नाही. पहिल्याच पायरीवर बसली. आपणच दुवा तोडल्याचं तिने सांगितलं. मग म्हणाली, "तू गिऱ्हाइकासमोर मला छोटी म्हणालास आणि तो हसला. म्हणून मी परत विचारलं नाही." दादा तिच्या शेजारी पायरीवर बसला. नंतर तो म्हणाला, "मी वर यायला हवं होतं." तो तिला नावाने हाक मारू लागला, तेव्हापासून.

पायऱ्या फोडल्या. सरळ रॅम्पला पुढे जागा उरली नव्हती, म्हणून तो भिंतीच्या कडेने वळवावा लागला. त्यासाठी दोघं एका टेबलावर बसले, एकच शून्य ठरवलं, दुवा पुन्हा जोडला. माझ्या जागी खालची नवी जमीन आली. माझ्या नावापुढे 'जुनी, वापरू नये' असं लिहून मला बाजूला टाकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गेलेल्या दिवसांची. परवानगी, मोडतोड, नवं काम, यात महिने गेले. भाड्याच्या खोल्या केव्हाच दुसऱ्याला दिलेल्या होत्या. शिंपीकाका घरीच बसून राहिले. आत्या जमेल तशी त्यांच्याकडे जायची, पण धरून अंग वर खेचायचे दांडे त्यांच्या एका खोलीत कुठून येणार? नवा रॅम्प झाला त्या दिवशी ते आले. काकू मागे चालत होत्या. काकांनी चाकांना हात घातला आणि चढू लागले. वळणावरच्या सपाट जागेपर्यंत पोचले, आणि तिथे त्यांचा खांदा आखडला. त्यांनी पुन्हा जोर लावून पाहिला. मग चाकांवरचे हात मांडीवर घेतले. काकूंनी खुर्ची धरली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी विश्वासाने आपलं काम तुमच्या हाती देईल आणि तुम्ही त्यावर आपलं काम उभं कराल. समजलं नाही तर पुन्हा विचारा, कोणी हसलं तरी विचारा. आपल्याकडचं काही बदललं तर उठा, त्या माणसापर्यंत चालत जा आणि त्याला कळल्याची खात्री करून घ्या. पाठवलं म्हणजे पोचलं, असं समजू नका. आणि रागाच्या भरात दुवा तोडू नका, कारण तो तुटल्याचा आवाज होत नाही.

शिंपीकाका आता रोज येतात. आत्या त्यांचा खांदा शेकते, हात धरून हळूहळू वर न्यायला लावते. कानापर्यंत जातो. त्याच्या वर अजून जात नाही.