आठ पायांचा खेकडा

मित्रांनो, मी एक जुना खेकडा आहे. जुना म्हणजे जेमतेम चार वर्षांचा, पण पडद्यावरच्या प्राण्यांना तेवढ्यातच म्हातारपण येते. माझे नाव क्रॅबी गुरुजी. हे नाव ठेवायला पाच माणसे आणि तीन बैठका लागल्या. मुलांना हसत-खेळत पाढे शिकवण्यासाठी माझा जन्म झाला. मी पिवळी टोपी घालतो, कंबर नसताना कंबर हलवतो आणि दर दोन मिनिटांनी विनाकारण धपकन पडतो. मोठ्या माणसांच्या मते यालाच गणिताची गोडी लावणे म्हणतात.

सीवूड्स स्टेशनाजवळच्या एका थंडगार ऑफिसात रणजीत नावाच्या चित्रकाराने मला काढले. पहिल्या दिवशी मला दहा पाय होते. पुढे दोन डेंगे, म्हणजे चिमटे काढायचे मोठे पाय, आणि मागे आठ साधे. रणजीतने फोटो बघून प्रामाणिकपणे काढले होते. मग त्याचे साहेब आले.

"दहाचा पाढा कोणालाही येतो रे. आपला एपिसोड आठचा आहे. दोन पाय उडव."

"सर, पण खेकड्याला दहा असतात. ऑक्टोपस काढू का?"

"ऑक्टोपस सगळ्यांनी केलाय. हा क्यूट आहे. कोण मोजतंय, यार?"

गणिताच्या कार्टूनमध्ये कोण मोजतंय! असे बोलणाऱ्या माणसाला पुढे मुलांच्या शिक्षणासाठी बक्षीस मिळाले. ऑफिसपासून खाडी चालत पंधरा मिनिटांवर होती. ओहोटीला तिथल्या चिखलात खरे खेकडे हवे तेवढे दिसले असते. पण हे शहाणे लिफ्टने फक्त जेवायला उतरत. रणजीतने मान खाली घातली आणि माझे दोन पाय पुसून टाकले. मग मला गाणे दिले, "दोन डेंगे, पाय सहा, आठ झाले, मोजून पहा!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसा मी ते गात सुटलो.

करावे गावाजवळच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गातल्या भिंतीवरच्या टीव्हीत माझी नेमणूक झाली. पाहुणे यायचे, "मुलं किती रमतात!" म्हणून टाळ्या वाजवायचे. रमायला काय लागते? टोपी पडली की मुले हसतात. मी नाचत असताना विजयमाला बाई मोबाइलवर शाळेची माहिती भरत बसायच्या. तो सोहळा बघून मला पाहुण्यांची कीव यायची आणि स्वतःची किळस.

यंदा वाशीला शाळाशाळांची पाढ्यांची स्पर्धा होती. वर्गातून तीनच मुले जाणार होती, आणि ती निवडायची होती शाळेच्या टॅबवर मी घेत असलेल्या परीक्षेतून. मिताली नावाच्या मुलीला एकोणतीसपर्यंतचे पाढे पाठ होते. तिची आई चंदा मासळी विकते, आणि मिताली लहानपणापासून तिच्याशेजारी बसून खेकडे निवडते.

पहिला प्रश्न आला, 'तीन खेकड्यांचे एकूण पाय किती?' मितालीने तीस लिहिले. मी धपकन पडलो. "अरेरे, चुकलं! पुन्हा बघ हं!" पाचही प्रश्न खेकड्यांच्या पायांचेच, आणि पाचही वेळा मी तिच्यासमोर असाच लोळलो. मला दोनच वाक्ये येतात, 'शाब्बास' आणि 'चुकलं'. त्यातले खोटे वाक्य मी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला ऐकवले.

"मिताली, समोर दिसतंय ना गं? मोज की," बाई म्हणाल्या.

"मोजलंय, बाई. या चिंबोरीचं दोन पाय कमी हायेत."

"टीव्हीवाले चुकतील का?"

वर्ग हसला. मितालीला शून्य मिळाले. ती दप्तर मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाई मला सुरू करून थांबवतात न थांबवतात तोच चंदा वर्गाच्या दारात आली. शेजारी मिताली, हातात ओली पिशवी.

"बाई, पोर रातची जेवली नाय. मी बोलले, लिव आठ नि जा स्पर्धेला. तर मला बोलते, मग मी मोजलेलं खोटं काय?"

पिशवीतून खेकडा टेबलावर आला. डेंगे सुतळीने बांधलेले होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? विजयमाला बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, खेकडा त्यांना रश्शातला ठाऊक, आणि रश्शात पाय कोण मोजतो? त्यांनी पेन्सिलीने एकेक पाय मोजला. "...सात, आठ, नऊ." त्या थांबल्या. "नऊच! दहा तर नाहीतच, मिताली."

वर्ग कालच्यापेक्षा मोठ्याने हसला. मी भिंतीवर तोंड उघडे टाकून थांबलेला होतो. मला ओरडून काहीतरी सांगायचे होते, पण ते वाक्य कोणी माझ्यात भरलेलेच नव्हते.

मितालीने खेकड्याच्या कुशीवर बोट ठेवले. "हितं बगा, बाई. हितं एक व्हता, तुटला. जागा दिसते ना? आनि हा बारीक कोंब. नवा पाय येतोय."

बाईंनी चष्मा लावला आणि खाली वाकल्या. बराच वेळ बघून त्यांनी त्या कोंबाला पेन्सिल टेकवली. "दहा," त्या हळूच म्हणाल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या अंगावरही तशी तुटलेल्या पायाची जागा शोधू लागल्या. ती नव्हती. सगळीकडे नुसता गुळगुळीत केशरी रंग होता.

"काल माझं चुकलं, मिताली," बाई म्हणाल्या. टॅब तीस घेईना, म्हणून त्यांनी कागदावर हाताने तिचे नाव लिहिले. मिताली वाशीला गेली. जिंकली की नाही, ते मला कोणी सांगितले नाही. त्या वर्गात मला पुन्हा कोणी लावले नाही, आणि माझी तीच लायकी आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. खऱ्या खेकड्याचा तुटलेला पाय परत येतो, माझे दोन कधीच येणार नाहीत. दुसऱ्या शाळांत मी अजून नाचतो आहे. आजही कुठेतरी कोणी तीस लिहिले असेल आणि मी 'चुकलं' म्हणून लोळत असेन. ते लिहिणारे तुम्ही असाल, तर माझ्याकडे बघून हवे तेवढे हसा, पण तुमचे तीस खोडू नका.