डिंक्याचे पिकलेले केस

आमच्या क्लबवर निघालेला सिनेमा म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. खरा कोच दोन वाक्यं धड बोलायचा नाही. पडद्यावरच्याने दहा मिनिटं भाषण ठोकलं. खेळाडू बस चुकल्यासारखे धावत होते आणि चेंडू आपला आपणच गोलात जात होता. मी नवऱ्याच्या कानाशी लागून टवाळी करत होते. तो हसत नव्हता.

पुढे दोन रांगा सोडून डिंक्याची आई, आमच्या काकू, बसल्या होत्या. डिंक्या क्लबचा गोलकीपर, नवऱ्याचा जिवलग. चेंडू हाताला चिकटायचा म्हणून डिंक्या. सामन्याहून परतताना क्लबची बस पुलावरून नदीत कोसळली, तेव्हा त्याने माझ्या नवऱ्याला फुटक्या खिडकीतून बाहेर ढकललं आणि स्वतः आतच राहिला. त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाही.

पडद्यावर बस कोसळली. मी डोळे मिटणार, इतक्यात चार नंबरची जर्सी दिसली. ती नवऱ्याची. माझ्या नवऱ्याचं काम करणारा लंबू नट डिंक्याला खिडकीतून बाहेर ढकलत होता. मग लंबू पाण्याखाली गेला, तो वर आलाच नाही.

अंधारात मी शेजारचा हात चाचपला. हात गरम होता.

"यांनी तुला मारलं," मी म्हणाले.

"मीच सांगितलं होतं तसं करायला."

सिनेमा काढण्याआधी दिग्दर्शक घरी आला होता. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात या माणसाने स्वतःचं मरण मागून घेतलं होतं. संताप तर आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार करताना याला हेच हवं होतं का? मी तसं विचारलंही. त्याने नुसतं पडद्याकडे बोट केलं. तिथे शेवट चालला होता. डिंक्या पोरांना खेळ शिकवत होता. पोट सुटलेलं, कानांवरचे केस पिकलेले.

"काकूंना एकदा तरी तो असा दिसायला हवा होता," नवरा म्हणाला.

दिवे लागले. लोक जांभया देत बाहेर पडले. काकू मात्र बसूनच राहिल्या. मग उठल्या आणि खुर्च्यांना धरत धरत आमच्याकडे आल्या. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो कळवळला.

"त्याचे पिकलेले केस पाहिले. बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण मी एकासाठी रडायची तयारी करून आले होते रे. तू दोघांसाठी रडायला लावलंस. परत मरायचं नाही, सांगून ठेवते."

नवऱ्याला हुंदका फुटला. बस कोसळली तेव्हापासून तो पहिल्यांदाच रडत होता. काकूंनी त्याचा दंड सोडला नाही. दुसरा मी धरला होता.