चौथा रकाना

केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिंक आली की साधना मुनेश्वर फोन टेबलावर पालथा ठेवायची, फळ्यावरचं वाक्य पुरं करायची आणि मगच पाहायची. तेवढा एकच हट्ट तिने राखला होता. बाकी लिंक उघडावी लागायचीच. कधी गणवेशाची माहिती, कधी पोरांची उंची-वजनं, कधी शौचालयाच्या दाराला कडी आहे का. तालुक्यातल्या सगळ्या शाळा एकाच शीटमध्ये भरायच्या. कुणीतरी आपली ओळ सोडून दुसऱ्याच्या ओळीत भरून जायचं आणि संध्याकाळी पुन्हा निरोप यायचा, माहिती अपूर्ण, तात्काळ भरा.

बोरखेडीची शाळा सातवीपर्यंत. शिक्षक कागदावर तीन, त्यातले एक पंचायत समितीच्या कामावर गेलेले, ते परत आलेच नव्हते. उरले मुख्याध्यापक नानाजी डहाके सर आणि साधना. डहाके सरांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांना शीट उघडता यायची, पण बंद करताना काहीतरी पुसलं जायचं. म्हणून ते म्हणायचे, "मॅडम, तुमचा हात बसला आहे त्यावर. तुम्हीच टाका भरून." साधना दारव्ह्याहून स्कूटीने यायची, दोन-दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवायची, आणि खिचडी वाटून झाली की भरायला बसायची.

एक दिवस शीट भरता भरता तिला वाटलं, आपला अर्धा दिवस हे खाऊन जातं, तर थोडं पोरांच्या तरी कामी येऊ दे. ग्रामपंचायतीने दिलेले टॅब कपाटात पडून होते. एक सुरूच होत नव्हता, बाकीचे चालले. आपल्या फोनचं नेट त्यांना जोडून तिने सहावीसाठी एक नवीन शीट उघडली. तीन रकाने केले. पहिल्यात पुस्तकातली मराठी, दुसऱ्यात आपली वऱ्हाडी, तिसऱ्यात तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरबोली.

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. बंटीने शीटच्या प्रत्येक घरात आपलंच नाव लिहिलं. सुरभीचं लिहिलेलं दुसऱ्या टॅबवरून कुणी पुसलं म्हणून ती रडली. पुसलेलं परत कसं आणायचं ते साधनाने दाखवलं, तेव्हा पोरं गप्प झाली. पुसलं तरी जात नाही, हे त्यांना फार आवडलं. मग हळूहळू शब्द येऊ लागले. कोथिंबिरीपुढे सांबार, टोमॅटोपुढे भेदरं, मुलापुढे पोट्टं. यातलं पुस्तकात काहीच नव्हतं आणि घरी रोज होतं.

तिसरा रकाना निकिता आडे भरायची. सहावीत तांड्यावरची ती एकटीच होती. आईपुढे याडी, भाकरीपुढे बाटी, मुलीपुढे छोरी. एका बोटाने, सावकाश. मध्येच हात थांबवून म्हणायची, "मॅडम, हा शब्द आज्याले विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगायचीही.

दिवाळी झाली आणि निकिताचा बाप बादल आडे शाळेत आला. ऊसतोडीला सांगलीकडं निघालो, म्हणाला. पोरीचं कार्ड द्या. बाहेरगावी जाणाऱ्या पोरांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा एक कार्ड देते, ते त्याला हवं होतं.

"तिले इथंच ठेवा ना," साधना म्हणाली. "तिचे आजोबा, हरिसिंगबाबा, आहेत घरी."

"बुढ्याले डोळ्यानं दिसत नाही मॅडम. तो हिले सांभाळन का ही त्याले? तो तं माझ्या भावाकडं जेवते." बादलच्या आवाजात भांडण नव्हतं. "अन् लहाना आठ-नऊ महिन्याचा आहे. आम्ही दोघं उसाच्या फडात गेलो तं त्याले कोण धरन?"

साधनाने कार्ड लिहिलं. मग बादलचा फोन मागून घेतला, त्यावर शब्दांची शीट टाकली आणि निकिताला उघडून दाखवली. "तुझा रकाना कोणी भरणार नाही. जमलं तर लिहिजो."

निकिताने मान हलवली. ऊसतोडीवाल्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे गेला म्हणतात. साधना शाळेत पोचली तेव्हा तांड्याच्या निम्म्या दारांना कुलपं होती.

त्यानंतर पंधरवडाभर शीटमध्ये काही आलं नाही. साधनानेही फारसं पाहिलं नाही. स्थलांतरित मुलांची वेगळी शीट आली होती, तिच्यात निकिताचं नाव घातलं, कार्ड दिले, असं लिहिलं. पुढचा रकाना होता, सध्या शाळेत जाते का. डहाके सर म्हणाले, "हो टाका. नाही टाकलं तं उद्या फोन येईन." तिने तो रकाना रिकामा ठेवला.

मग एका सकाळी भाषेचा तास चालला असताना सुरभीने टॅब उचलून साधनाकडे आणला. "मॅडम, बादलकाका आले."

एका घराभोवती रंगीत चौकट उमटली होती आणि तिच्यावर बादल आडे असं नाव. फोन बापाचा होता, म्हणून नाव बापाचं. सगळी पोरं टॅबवर वाकली. चौकट तिसऱ्या रकान्यात होती, तिथून सरकून मोकळ्या चौथ्या रकान्यात गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग सगळ्यात वरच्या घरात अक्षरं आली, इकडची भाषा. त्याखाली कोथिंबिरीच्या ओळीत, कोथमीर. आणि त्याच घरात पुढे, मी दुकानात सांबार मागतलं तर दुकानदार म्हणे हाटेलात जा.

वर्ग हसला. साधनाही हसली, बऱ्याच दिवसांनी. बंटीने विचारलं, "मॅडम, मी लिहू काय तिले?" आणि परवानगीची वाट न पाहता शेजारच्या घरात लिहिलं, तू कवा येशीन.

कारखाना बंद झाल्यावर, असं उत्तर आलं.

पुढे ते आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं. बादल फोन फडात नेत नसे, पडतो म्हणून. लहान्याला झोळीत टाकलं की निकिता लिहायला बसायची. उसाच्या शेंड्याला वाढं म्हणतात. बांधलेल्या उसाला मोळी. आम्ही राहतो त्या झोपडीला कोप म्हणतात, ती पाचटाची आहे. कधी शब्द नसायचाच, नुसतं वाक्य असायचं. आज लहान्याले ताप आहे. आज याडीच्या हाताले कोयता लागला, जास्त नाही. सुरभी तिला त्या त्या दिवशीची गणितं लिहून पाठवायची. निकिता ती सोडवायची, साधना दुसऱ्या दिवशी तपासायची, चुकलेल्या उत्तरापुढे छोटी टीप लिहायची.

तिने तिथल्या शाळेलाही फोन लावला. एक गुरुजी बोलले, आवाजावरूनच दमलेले वाटले. "पाठवा की मॅडम, आमची ना नाही. पण तिच्या कडेवरचं पोरगं वर्गात रडतंय, त्याचं काय करू सांगा?" निकिता दोन दिवस तिथे जाऊन आली होती. तिसऱ्या दिवसापासून गेली नव्हती. साधनाने स्थलांतरितांच्या शीटमधल्या त्या रकान्यात नाही लिहिलं. घर आपोआप लाल झालं. दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला, संध्याकाळी पुन्हा आला. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. काही बदललं नाही, फक्त शाळेची ओळ लाल राहिली.

जानेवारीत शब्दांची शीट बंद पडली.

पोरं बोटं आपटत राहिली, घर उघडेना. नेट नसेल म्हणून साधनाने फोन खिडकीत नेऊन ठेवला. तरी नाही. दुपारी बादलच्या फोनवरून निकिता बोलली. "मॅडम, मी लिहून राह्यली, पण ते घेतच नाही. तुम्ही बंद केलं काय?"

"मी कायले बंद करीन?"

"मले वाटलं, मी शाळेत जात नाही म्हणून."

"नाही बाई," साधना म्हणाली. "काहीतरी बिघडलं आहे. पाहतो मी."

बिघडलं काही नव्हतं. तिच्या खात्यातली जागा भरली होती. खातं भरलं की त्यातल्या कुठल्याच शीटमध्ये कुणालाच लिहिता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. काय भरलं आहे ते पाहायला ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. स्वच्छता पंधरवडा, फोटो आणि व्हिडिओ. वृक्षारोपण, प्रत्येक पोरगं रोपासोबत. हात धुणे. प्रभातफेरी. खिचडीची चव घेताना मुख्याध्यापक, रोजचा एक फोटो. सगळं पुरावा म्हणून मागितलेलं आणि तपासणी होईपर्यंत जपून ठेवा असं बजावलेलं. तिच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचा एक व्हिडिओ होता, तो तिने आधी काढला. त्याने काहीच फरक पडला नाही.

पैसे भरून जागा वाढवता आली असती. पण शाळेच्या कामासाठी फोन तिचा, नेट तिचं, पेट्रोल तिचं. आता जागाही आपणच विकत घ्यावी, हे तिला नको झालं. राग म्हणावा तर रागही नव्हता. दिवसभर डोक्यावर घेतलेलं ओझं कुठंतरी टेकवावं, एवढंच वाटत होतं. तिने स्वच्छता पंधरवडा निवडला आणि काढून टाकला. मग वृक्षारोपण, हात धुणे. मग प्रभातफेरी. कचऱ्याची पेटीही रिकामी केली.

डहाके सर कुलूप घेऊन आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं.

"सगळे?" सर म्हणाले.

"खिचडीचे ठेवले."

सर पायरीवर बसले. चष्मा पुसत राहिले. "तपासणी मार्चात आहे मॅडम. मले जाताना डाग नको होता." चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं सुरू झालं काय?"

"झालं असन."

"मंग पाहू," सर म्हणाले आणि कुलूप लावायला उठले.

तपासणी मार्चाच्याही आधी आली. स्वच्छता पंधरवड्याचं फोल्डर रिकामं निघालं. साधनाला लेखी खुलासा मागितला गेला. तिने जे झालं तेच चार ओळींत लिहिलं, की खात्यातील जागा संपल्याने वर्गाचे काम थांबले होते, म्हणून छायाचित्रे काढून टाकली. डहाके सरांनी कागद वाचला. "असं सरळ लिहीत नाही मॅडम कोणी. तांत्रिक अडचण लिहा." साधनाने कागद तसाच ठेवला. सरांनी तो पुन्हा एकदा वाचला, खाली सही केली आणि शिक्का मारला.

केंद्रप्रमुख स्वतः मोटारसायकलवर आले. त्यांच्याही फोनवर एकामागून एक निरोप वाजत होते. खुलासा वाचून ते म्हणाले, "मॅडम, मले समजते. पण वर मी काय दाखवू?" बराच वेळ बोलून शेवटी असं ठरलं, की फोटो पुन्हा काढायचे. त्या दुपारी पोरांनी आधीच झाडलेलं मैदान पुन्हा झाडलं. सुरभीने कचऱ्याच्या डब्यात टाकायला कचरा म्हणून वहीचं पान फाडून आणलं. केंद्रप्रमुखांनी फोटो काढले, साधनाने नाही. खुलाशाचं पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. वेतनवाढीच्या यादीत आपलं नाव असेल का, हा विचार काही दिवस तिच्या मनात घोळला, मग तोही थकला.

होळी झाली. दुपारचं ऊन टिपेला गेलं आणि शाळा सकाळची झाली. एका सकाळी निकिता दारात उभी दिसली. उंच झाली होती, केस उन्हाने लालसर पडले होते, तळहात खरबरीत. कडेवर लहाना नव्हता, त्यामुळे तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. बंटीने सरकून जागा दिली. पोरांना वाटलं होतं खूप बोलणं होईल. पण इतके दिवस लिहून बोलल्यावर समोरासमोर कुणालाच काही सुचत नव्हतं.

"काल राती आलो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बापू म्हणते नाही नेणार. पण दरवर्षी तसंच म्हणते."

साधनाने तिला जवळ बसवून घेतलं. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. शब्दांचं सगळं येत होतं, वाक्यं तर आधीपेक्षा चांगली लिहीत होती. पण अपूर्णांकांचा भागाकार पार निसटला होता. साधनाने एक उदाहरण सोडवून दाखवलं. निकिताने दुसरं अर्ध्यापर्यंत आणलं, पेन्सिल थांबली, आणि डोकं हळूहळू बाकावर टेकलं.

"मॅडम, ही झोपली," बंटी म्हणाला. "उठवू काय?"

"राहू दे."

"पण तिचं राह्यलं आहे ना."

"उद्या करीन ती," साधना म्हणाली. तिने निकिताच्या कोपराखालची वही अलगद काढली, अर्धवट उदाहरणाखाली पुढची पायरी फिकट पेन्सिलने लिहून ठेवली, आणि बाकीच्यांना आवाज न करता पान उघडायला सांगितलं.