होडी डावीकडे का गेली

मित्रांनो, दाराशेजारच्या खिळ्याला स्वतःच्याच वायरने टांगलेला जो जुना कंट्रोलर दिसतोय ना, तो मी. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, दोन दांड्या आणि डझनभर बटणं असलेला. माझी बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत, त्यांवरची चिन्हं कधीच पुसली गेली. माझ्या पाठीवर एक पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर दोन शब्द लिहिले आहेत. ते कुणी लिहिले आणि का, एवढंच सांगायचं आहे. गोष्ट हसण्यासारखी नाही. पण तुम्हीही कधी ना कधी कुणाच्या कामाला चांगलं-वाईट म्हणाल, म्हणून ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यासमोर एक बाई बसायची. प्रत्येकाच्या दांडीखाली ती स्प्रिंग बसवायची, मग अंगठ्याने दांडी चारी दिशांना फिरवायची आणि सोडून द्यायची. दांडी टुणकन मधोमध यायची. बाई तोंडातल्या तोंडात म्हणायची, "आली का घरी? आली. जा आता." दिवसाकाठी हजार जणांना ती हेच विचारत असेल, पण मला वाटलं, मला एकट्यालाच विचारलं.

चार दिशा फिरूनिया दांडी मधोमध येई,
जिचं घर जागेवर, तिची वाट चुकत नाही.

तिथून मी ज्या कचेरीत आलो, ती एका टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढतानाच रबराचा वास नाकात जायचा. इथे एक मासिक निघायचं. बाजारात आलेल्या प्रत्येक खेळावर त्यात निकाल असायचा आणि निकालाखाली, चौकटीत, दहापैकी गुण. दुकानदार ती चौकट कापून काचेवर चिकटवत. मासिकाचा एक नियम होता आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता: एकदा छापलेले गुण बदलायचे नाहीत.

निकाल लिहिणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण गुण कुठे आणि का कापले ते त्या इतकं नीट समजावून सांगत की कापून घेणारासुद्धा आभार मानायचा. चष्मा दोरीने गळ्यात, उजव्या अंगठ्याला घट्टा. त्यांच्या दोन सवयी होत्या. खेळ शेवटापर्यंत खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि सगळे खेळ एकाच कंट्रोलरवर खेळायचे, म्हणजे माझ्यावर.

"तराजू एकच पाहिजे," त्या म्हणायच्या. "आज हा, उद्या तो, मग मापात राहिलं काय?"

काय काय नाही तोललं मी! शेतीच्या खेळाला सात: "पीक उत्तम, पण गाई भिंतीतून आरपार जातात." लढाईच्या खेळाला पाच: "शत्रू इतके आज्ञाधारक की रांग लावून मरतात." कोड्यांच्या खेळाला नऊ: "एका कोड्यापाशी तीन दिवस बसले. उत्तर सापडलं तेव्हा माझीच मला लाज वाटली." शर्यती, मारामाऱ्या, भुताटकी, सगळं माझ्या पोटातून गेलं. बाई माझा उल्लेख 'माझा उजवा हात' असा करायच्या आणि मी फुगून जायचो.

शेजारच्या टेबलावर क्रिकेट-फुटबॉलसारख्या व्हिडिओ गेमचे निकाल लिहिणारा एकजण आपला वेगळा कंट्रोलर घेऊन बसायचा. सगळे त्याला पंच म्हणत. तो बाईंना चिडवायचा.

"बाई, नवीन घ्या की आता. याचे दात पडायला आलेत."

"पडू देत. जीभ खरी आहे त्याची."

मित्रांनो, तेव्हाच माझी जीभ ढळायला लागली होती.

सातवं वर्ष असेल. माझ्या डाव्या दांडीच्या बुडाशी धूळ साचली, प्लॅस्टिक झिजलं आणि तिचं घर केसभर डावीकडे सरकलं. हात सोडला तरी दांडी मधोमध येईना, किंचित डावीकडेच थांबायची. डोळ्यांना दिसू नये इतकी किंचित. बहुतेक खेळांत मधोमध थोडी मोकळीक ठेवलेली असते, सैल चपलेत बोट जाईल एवढी; दांडी तेवढी हलली तरी खेळ ते धरत नाही. तेवढ्या मोकळिकीत माझी खोट लपून जायची. उरलेलं बाईंचा अंगठा नकळत सांभाळायचा. वर्षानुवर्षं एकाच पायाने लंगडणाऱ्या माणसासोबत चालावं आणि आपली चालही तशीच व्हावी, तसं झालं होतं.

पण कधीकधी खोट डोकं वर काढायची. एका शर्यतीच्या खेळाला बाईंनी अर्धा गुण कापला: "गाडी जराशी डावीकडे ओढते." एका भुताच्या खेळाला नऊ दिले: "अंधाऱ्या बोळात आपलं पात्र आपणहून मागे वळून बघतं, अंगावर काटा येतो." ते पंचाने वाचलं.

"बाई, माझ्याकडे नाही बुवा वळलं ते."

"तुझ्याकडे वळून बघण्यासारखं आहे काय?"

दोघं खळखळून हसली. ते हसणं मला आजही टोचतं. तेव्हाच एकाने दुसऱ्याच्या हातातला कंट्रोलर घेऊन पाहिला असता तर!

तुम्ही विचाराल, तू का नाही सांगितलंस? मला आवाज नाही, फक्त थरथर आहे, आणि तीही खेळाने हुकूम दिला तरच. पण खरं सांगू? बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो की नाही, कोण जाणे. 'उजवा हात' म्हणवून घ्यायची सवय लागली की खिळ्यावर जायची हौस कुणाला असते?

मग ते पाकीट आलं. आत खेळाची एक तबकडी आणि हाताने लिहिलेलं पत्र. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला पाठ आहे. "मी आधी घड्याळं दुरुस्त करायचो. गेली चार वर्षं एकट्याने हा खेळ केला. चित्रं बहिणीने काढली आहेत. बाकीच्यांचं मत काहीही असो, तुमचं मत मला हवं आहे. तुम्ही जी चूक दाखवाल ती मी दुरुस्त करीन."

खेळ असा होता. धुक्याने भरलेली नदी. एक नावाडी, एक होडी, प्रत्येक खेपेला एक प्रवासी. शत्रू नाही, घड्याळ नाही, बंदूक नाही. नदीच्या मध्यावर नावाडी वल्हं उचलून घेतो. तिथे खेळणाऱ्याने हात सोडायचे. होडी प्रवाहाबरोबर सरळ वाहत राहते, आणि त्या शांततेत प्रवासी आपली कहाणी सांगायला लागतो. वल्ह्याला स्पर्श झाला की तो गप्प होतो. घड्याळवाल्याने या खेळात तसूभरही मोकळीक ठेवली नव्हती. इतक्या नाजूक हाताने केलेला खेळ माझ्यातून कधी गेला नव्हता.

बाईंनी हात सोडले. होडी डावीकडे वळली आणि खडकावर आपटली. पुन्हा सोडले. पुन्हा खडक. अकरा वेळा होडी फुटली, अकरा वेळा प्रवासी तोंड उघडता उघडता बुडाला. शेवटी बाईंनी अंगठ्याने मला उजवीकडे रेटून धरलं आणि होडी कशीबशी पार नेली. वल्ह्याला सतत स्पर्श, म्हणून सगळे प्रवासी मुके. अशा चौदा खेपा केल्या त्यांनी, नियमाप्रमाणे अगदी शेवटापर्यंत. आणि एकही कहाणी ऐकली नाही.

घर सरकलं केसभर, दांडीला ते कळेना,
वाट सरळ म्हणे तरी होडी काठाला मिळेना.

निकाल लिहायला त्यांना दोन दिवस लागले. "चार वर्षं घातली गं बिचाऱ्याने," त्या स्वतःशीच म्हणाल्या, चष्मा पुसला आणि तीन गुण लिहिले. खाली मजकूर होता: "होडी सतत डावीकडे ओढली जाते. प्रवासी चकार शब्द बोलत नाहीत. चित्रं सुंदर. पण कारागिराचा हात अजून बसलेला नाही."

चार महिन्यांनी, सकाळी कचेरी उघडता उघडता, एक तरुण बाई जिना चढून आली. बोटांना रंगाचे डाग होते. तिने पर्समधून एक तबकडी काढून टेबलावर ठेवली.

"मी त्या होडीच्या खेळाची चित्रं काढली. माझ्या दादाचा खेळ."

मास्तरीणबाई ताठ झाल्या. "गुण बदलत नाही आम्ही."

"गुण नकोत मला. फक्त दाखवा. होडी डावीकडे कुठे जाते ते दाखवा. दादाला चार महिने सापडलं नाही."

तिने सांगितलं ते असं. निकाल वाचून दादाने कुणाशी भांडण केलं नाही. मोजक्या लोकांनी खेळ घेतला होता, त्यांची काही तक्रार नव्हती. पण दादा म्हणाला, बाईंनी कधी खोटं लिहिलं नाही, खोट माझ्यातच आहे. रोज होडी सोडायचा, रोज ती सरळ जायची. त्याला वाटलं, आपली नजरच बिघडली. मग त्याने खेळात मोकळीक घातली, होडीला उजवीकडे जरा ओढ दिली, आणि सुधारलेला खेळ सगळ्यांकडे पाठवला. आता सगळ्यांचीच होडी उजव्या काठावर आपटायला लागली. ज्यांना खेळ आवडला होता तेही सोडून गेले. दादाने खेळ बाजारातून काढून घेतला, जुनं सगळं काम पुसून टाकलं. आता एका गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतो. घड्याळालाही हात लावत नाही. म्हणतो, माझा हात बसलेला नाही.

"ही पहिली तबकडी माझ्याकडे होती म्हणून राहिली," ती म्हणाली.

बाईंनी तबकडी लावली आणि मला हातात घेतलं. नदी दिसली, धुकं दिसलं. नावाड्याने वल्हं उचललं.

"ही बघ. गेली डावीकडे."

बहीण बघतच राहिली. पंच चहाचा कप हातात घेऊन मागे उभा होता.

"बाई, हात सोडा."

"सोडलेलेच आहेत."

"नाही, खाली ठेवा त्याला. टेबलावर."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. मला कुणाचाही स्पर्श नव्हता. होडी सावकाश, निमूटपणे डावीकडे वळली आणि खडकावर आपटली. माझ्या पोटातली मोटर थरथरली, टेबल खडखडलं. खेळाचाच हुकूम होता तो. पण मित्रांनो, तेवढी एकच थरथर माझी स्वतःची होती.

पंचाने माझी वायर काढली, आपला कंट्रोलर जोडला आणि माझ्या शेजारी ठेवला. होडी नदीच्या मधोमध सरळ वाहू लागली. धुक्यातून एक म्हातारी प्रवासी बोलली, "माझ्या घराला सात पायऱ्या होत्या. आठवी मी बांधणार होते."

ती काठापर्यंत बोलत होती. तोवर बाई उभ्याच राहिल्या.

"म्हणजे दादाचा हात..." बहीण पडद्याकडे बोट करून म्हणाली.

"दादाचा हात बसलेलाच होता गं," बाई म्हणाल्या. "माझा तराजू मोडला होता."

संपादकांनी डोकं धरलं. "बाई, एकाचे गुण बदलले तर उद्या पन्नास जण दारात उभे राहतील." शेवटी चार ओळींचा खुलासा ठरला, शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली. बाईंनी पानभर लिहिलं होतं. छापल्या चारच ओळी.

बाई स्वतः गोदामात गेल्या. परत आल्यावर पंचाने विचारलं, "काय म्हणाला?" बाईंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"रागावला असता तर बरं झालं असतं रे. मला बसायला खोकं पुढे केलं त्याने. म्हटलं, मूळ खेळ शाबूत आहे, परत आण बाजारात. तर म्हणतो, बाई, तुमचा कंट्रोलर बदलता येईल. चार महिने मी माझ्याच डोळ्यांना खोटं म्हणत होतो. ते कसं बदलू?"

त्या दिवशी बाईंनी माझ्या पाठीवर पट्टी चिकटवली. लिहिलं: 'खोटं माप'. खिळा स्वतःच ठोकला. मग कपाटातून मासिकाचे जुने अंक काढून त्या समोर घेऊन बसल्या. माझी जीभ कधीपासून ढळली ते कुणाला ठाऊक? कुठले गुण खरे, कुठले माझे? त्या भुताचे नऊ, त्या गाडीचा कापलेला अर्धा, आणि ज्यांची बहीण जिना चढून आलीच नाही असे कितीतरी. एकेक पान उलटून त्यांनी अंक तसेच मिटले.

आता इथे नवा रिवाज आहे. निकाल लिहिणाऱ्याने आधी कंट्रोलर टेबलावर ठेवायचा, हात मागे बांधायचे आणि साठपर्यंत मोजायचं. पडद्यावरचं काही आपणहून हललं तर खोट खेळात नाही. नवीन माणसं हसतात. मग कुणीतरी बोट करून मला दाखवतं, आणि हसू थांबतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसून ठेवा, झाकून ठेवा, ते तर कराच. पण मोजायच्या वस्तूला कधीमधी मोजूनही बघा. ती जितकी लाडकी, तितकी आधी. आणि कुणाचं काम वाकडं दिसलं, तर ते सांगण्याआधी एकदा हात सोडून बघा. माझ्यासारख्याला ते आपणहून सांगता येत नाही.

अधूनमधून मास्तरीणबाई कचेरीतून निघताना माझ्यापाशी थांबतात. घट्टा पडलेल्या अंगठ्याने डावी दांडी फिरवतात आणि सोडून देतात. मला त्या सरकत्या पट्ट्यामागचा आवाज ऐकू येतो: आली का घरी?

दांडी केसभर अलीकडेच थांबते. बाई दिवा मालवतात आणि जिना उतरून जातात.