नऊ बिया

मित्रांनो, मी जुनी आहे, पण मला तडा गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण फडताळात मागे सरकवलेली वाटी दिसली की ती फुटकीच असणार, असं लोकांना वाटतं. माझं कारण वेगळं आहे.

मी चिनी मातीची, झाकणाची वाटी. आम्ही पाच बहिणी एकाच भट्टीत भाजलो आणि तोमिए आजीच्या लग्नात जपानातल्या सोबुए गावच्या या घरात आलो. या गावात घराघरामागे गिंकोची झाडं आहेत. त्यांची फळं पडून कुजली की अशी घाण मारतात की विचारू नका! पण आतली बी सोलून उकडली की पाचूसारखी हिरवी दिसते. चावानमुशीत, म्हणजे वाफवलेल्या अंड्याच्या मऊ पक्वान्नात, तळाशी अशी एक बी हवीच. आणि चावानमुशी हेच आम्हा पाचजणींचं आयुष्य. सुक्या माशाच्या पातळ पाण्यात अंडी फेस न आणता हलवायची, गाळायची, कोळंबीवर अलगद ओतायची आणि मंद वाफेवर ठेवायची. आच जराशी वाढली तरी त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. आजीच्या हातून चाळीस वर्षांत एक भोक पडलं नाही. झाकण उघडलं की पाहुणे बोलायचे थांबायचे. मी किती मिरवले असेन, सांगू?

मागच्या नोव्हेंबरात आजी त्याच कुजक्या फळांवरून घसरली. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला.

पुढच्याच रविवारी स्वयंपाक आजीच्या चौदा वर्षांच्या नातीने, मायुकाने, हातात घेतला. पहिल्यांदाच! आजी हात दाखवायला दवाखान्यात निघाली आणि जाता जाता बजावून गेली, की प्रत्येक वाटीत एकच बी घालायची आणि धाकट्या हिनाकोच्या वाटीत तीही नाही. का, ते सांगितलं नाही. या घरात नियम सांगतात, कारण सांगत नाहीत.

हिनाकोची वाटी म्हणजे मी. हिनाको तीन वर्षांची.

टोपलीभर बिया सोललेल्या होत्या. मायुकाला वाटलं, एकीने काय होतंय? तिने चार वाट्यांत तीन-तीन टाकल्या. माझ्यात मात्र खरोखरच एकही टाकली नाही. मग झाकणं, मग वाफ. भोक नाही, सुरकुती नाही. मायुका तर स्वयंपाकघरात एक गिरकी मारून आली.

बाबा आधी जेवायला बसले, त्यांना गल्लीची गटारं साफ करायला जायचं होतं. मायुका बाहेर कपडे वाळत घालत होती. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. "माझ्या चिमणीला एकही नाही? वय तीन, बिया तीन. बरोबर बसतंय." गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की जितकं वय तितक्याच बिया खाव्यात, जास्त नाही. बाबांनी आपल्या तिन्ही बिया मला दिल्या. हिनाकोने त्या लगेच खाल्ल्या.

बाबा गेले. मायुका जेवायला बसली. बहीण नुसतीच कोळंबी चिवडते आहे, हे बघून तिला वाईट वाटलं. तीन वर्षांची आहे, तीन चालतील. पुन्हा तीन बिया माझ्यात पडल्या.

मी मोजत होते, मित्रांनो. पण माझं झाकण वाफ असेल तरच खडखडतं, आणि चूल केव्हाच विझली होती.

एक वाजता आई बेकरीतलं काम आटपून आली. मायुका भांडी घासत होती. आईने हिनाकोला मांडीवर घेतलं आणि आपल्या वाटीतल्या बिया एकेक करून माझ्यात सोडल्या. एक. दोन. तीन. प्रत्येकाने गावचा नियम पाळला होता. कुणाचंच मोजणं चुकलं नव्हतं.

आजी शेवटी आली. डाव्या हाताने तिने आपल्या वाटीत चमचा घातला, एक बी काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. तिचा चेहरा बदलला.

"किती घातल्यास गं?"

"तीन-तीन. पण हिनाकोच्या वाटीत नाही हं, आजी."

"तिने खाल्ल्या का?"

मायुका म्हणाली, मी तीन दिल्या. आई हळूच म्हणाली, मी पण. आजीने बाबांना फोन लावला. "दिल्या की तीन," बाबा गटाराच्या काठावरून म्हणाले, "का गं आई?"

आजीने फोन खाली ठेवला. ती नुसतीच म्हणाली, "नऊ." तेवढ्यात हिनाकोने मेजावर डोकं टेकलं आणि तिला उलटी झाली.

दवाखान्यात नेताना गाडीत तिला झटका आला, डोळे पांढरे झाले. हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की किती खाल्ल्या, आणि आजीकडे आकडा तयार होता. म्हणून इंजेक्शन वेळेत मिळालं, असं आई सांगते. तीन दिवस हे घर रिकामं होतं. माझ्या तळाशी अंडं वाळून गेलं होतं आणि मला कुणी धुतलंही नव्हतं.

हिनाको परत आली. बारीक झाली होती, पण आली. मायुकाने मला घासून घासून धुतलं आणि अगदी मागे ठेवलं. वर्षभर तिने चुलीला हात लावला नाही. बाबा म्हणायचे, चूक आपल्या तिघांची. ती ऐकायची आणि उठून जायची.

आज मात्र फडताळ उघडलं. मायुकाचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"आजी, यंदा करू? तू शेजारी उभी राहा. आणि का घालायच्या नाहीत, ते आधी नीट सांग."

आजी खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली, की या बियांत विष असतं आणि लहानांना ते थोड्या बियांनीही चढतं. तिच्या बालपणी शेजारचं एक मूल कसं गेलं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, लाडक्या माणसाला काही भरवाल तेव्हा आधी घरात विचारा, की कुणी काय दिलंय. आणि नियम सांगाल तर त्याचं कारणही सांगा, लहानांना तर नक्कीच. बाहेर फळं पडायला लागली आहेत. झाडावर अजून पुष्कळ आहेत.