लाल झालेली हळद

शाळेतून आल्या आल्या हर्षदाने ओट्याचा ताबा घेतला. एरवी या पोरीला पाण्याचा तांब्या उचलायला सांगितला तर हात दुखतात. पण आज विज्ञान शिकवणाऱ्या कविताबेननी घरी प्रयोग करून आणायला सांगितलं होतं, म्हणजे आई हक्काची मोलकरीण.

"मम्मी, लिंबू दे. वाट्या दे ना, सहा. आणि हळद, जास्त दे."

रंजनाच्या मांडीवर साडी पसरलेली होती. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून तिच्या बोटांची सालं निघाली होती. तरी ती उठली. आठवीतली पोर आपणहून पुस्तक उघडते, याचंच कौतुक.

डिंडोलीतलं एका खोलीचं घर. ओट्यापासून चार पावलांवर खाट, आणि खाटेवर निंबा झोपलेला. दुपारी तो झोपायचाच, करण्यासारखं दुसरं काय होतं? त्याचा डावा पाय घोट्याच्या वरच संपत होता. खाटेसमोर भिंतीवर देव्हारा होता, त्यात कुलदेवी कानबाईचा नारळ, आणि नारळाशेजारी घडी घातलेलं एक जुनं फडकं. त्यावर हाताएवढा लाल डाग होता. रोज सकाळी निंबा कुबडीवर रेलून त्या फडक्याला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि मगच चहा घ्यायचा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी घरात कानबाई बसायची होती, तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू दळून आला होता, आणि हर्षदा कामरेजला मावशीकडे गेलेली होती. संध्याकाळी निंबा कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून लंगडत आला. कास्टिकचा पाइप सुटून गमबुटात ते पाणी गेलं होतं. मुकादमाने चिंधी दिली, त्याने पाय पुसला, ओल्या मोज्यातच पाळी पुरी केली आणि घरी आला. "दुखत नही व," तो म्हणाला, "नुसता बुळबुळीत लागी ऱ्हायना." पायाला पाणी लावायचं नाही, पाणी लागलं की पिकतं, हे रंजनाला माहेरापासून माहीत. तिने बांधायला फडकं काढलं, मूठभर हळद कालवली आणि पायावर थापली.

आणि हळद लाल झाली. तिच्या डोळ्यांदेखत, कुंकवासारखी लालभडक.

हळदीत चुना कालवला की लाल होते, ओवाळायला आपण करतोच. पण इथे चुना नव्हता, काही नव्हतं. शेजारच्या सुभद्राबाई, कानबाईची गाणी म्हणण्यात गल्लीत पहिल्या, धावत आल्या, पाय पाहिला आणि माय घरी आली म्हणत त्यांनी हातच जोडले. "कानबाई माय ऊनी व तुन्हा घर! आज रात्री सोडू नको हाई फडकं." रंजनाने ते फडकं घट्ट बांधलं. दोन दिवस सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं, आणि तोवर पाय आतपर्यंत जळून गेला होता.

पाय गेल्यावर निंबा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायचा नाही, बोलायचा नाही. मग एक दिवस म्हणाला, "मायनी पाय लिधा, जीव ठेवा." फडकं त्यानेच देव्हाऱ्यात ठेवायला लावलं. तेव्हापासून माणूस उठून बसायला लागला. त्या फडक्यावर आपलं घर उभं आहे, हे रंजनाला पक्कं माहीत होतं.

"मम्मी, जो ना, बघ!"

हर्षदाने कागदाच्या पट्ट्यांना हळदीचं पाणी फासून त्या पंख्याखाली वाळवल्या होत्या. एकेक पट्टी ती वाटीत बुडवत होती. लिंबू, पिवळीच. चिंचेचं पाणी, पिवळीच. ताक, पिवळी. मग कपड्याच्या साबणाचं पाणी आलं आणि पट्टी लाल झाली. धुण्याच्या सोड्याने तर आणखी लाल.

पुन्हा साडी घेऊन बसलेल्या रंजनाच्या हातातली टिकली खाली पडली.

"लाल कशी झाली गं?"

"अगं, ते आम्लारी. हाताला बुळबुळीत लागतं ना, ते. चुना, सोडा, पप्पांच्या मिलमधलं कास्टिक. कास्टिक तर लई डेंजर, बेन म्हणाल्या. पहिल्यांदा दुखतच नाही, आतल्या आत खात जातं."

"आणि अंगावर पडलं तर?" रंजनाने विचारलं.

"पाणी." हर्षदा वहीत रकाने आखत होती, तिने मान वर केली नाही. "नुसतं पाणी. लगेच नळाखाली धरायचं, खूप वेळ. वर काही लावायचं नाही, बांधायचं तर नाहीच. आता गंमत बघ." तिने लाल पट्टीवर लिंबू पिळलं. लाल रंग सरकत गेला आणि पट्टी परत पिवळी झाली. "जादू! सुभद्रामावशींना दाखवून येते."

पोरगी पट्ट्या घेऊन पळाली. पाय मिलमध्ये गेला आणि फडकं मायचं, एवढंच तिला माहीत होतं; हळदीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. अर्धं लिंबू ओट्यावर राहिलं.

दाराबाहेर, चार पावलांवर, नळ होता. सगळ्या गल्लीला हेवा वाटावा असा, संध्याकाळी पाच ते सात धो धो येणारा. त्या दिवशीही तो चालू होता. निंबा त्याच्या बाजूनेच घरात आला होता. रंजनाला रडू येईना. तिला फार भीती वाटली, लहानपणी विहिरीत वाकून पाहताना वाटायची तशी.

पण हे कागदाचं झालं, तिने मनाला समजावलं. शाळेतल्या खेळाचं काय घेऊन बसायचं? मायची खूण ती मायची खूण. ती खरी असेल तर लिंबू तिला काय करणार? एकच थेंब टाकून बघायचा. रंग तसाच राहिला की मग जन्मात पुन्हा हा विचार करायचा नाही.

तिने लिंबू घेतलं. देव्हाऱ्यासमोर हात जोडले. "माय, पिवळं होऊ नको," ती पुटपुटली आणि तिने लिंबू दाबलं. दाबलं ते इतक्या जोराने की एक थेंब कुठला, सगळा रसच फडक्यावर सांडला.

फडकं पिवळं झालं. मधोमध आधी, मग कडेपर्यंत. घरातल्या कुठल्याही साध्या फडक्याला हळद लागावी तसं.

मागे खाट करकरली. निंबा उठून बसला होता आणि तिच्या खांद्यावरून देव्हाऱ्याकडे बघत होता. रंजनाने लिंबू मुठीत लपवलं.

"रंजना," तो म्हणाला, "हाई पिवळं कसं व्हयनं?"

तिने मूठ आणखी आवळली. सांगावं तर हा पाय माझ्या हाताने गेला, असं सांगावं लागत होतं. न सांगावं तर...

निंबाने कुबडी शोधली नाही. तो तसाच बसून राहिला आणि त्याचा चेहरा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या महिन्यातला झाला.

"चालनी गयी माय," तो म्हणाला. मग अगदी हळू, "मन्हं काय चुकनं व?"

"तुमचं काही नाही चुकलं हो," रंजना कळवळून म्हणाली. "तुमचं काहीच नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मग कोणाचं?"

सालं निघालेल्या बोटांत लिंबाचा रस झोंबत होता. तिने मूठ उघडली नाही. बाहेर पाच वाजले होते, नळाला पाणी आलं होतं, आणि बायका घागरी घेऊन रांगेला लागल्या होत्या.